गाडी खेचते, टायर एकाच बाजूने जातो: व्हील अलाइनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की हे प्रश्न यायला लागतात, कारण तोवर प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे खड्डे खाऊन झालेले असतात. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. हे सगळं घरच्या चारचाकीबद्दल आहे, ट्रक-बसबद्दल नाही.

१. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच ना? मग पैसे वेगळे का घेतात?

एकच नाही. बॅलन्सिंगमध्ये चाक गाडीवरून काढून मशीनवर फिरवतात, वजन कुठे जास्त भरतंय ते बघतात आणि रिमला पाच-दहा ग्रॅमची वजनं लावतात. ते बिघडलं की ठराविक स्पीडला, बहुतेक वेळा ८० ते १०० च्या दरम्यान, स्टेअरिंग थरथरतं. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं एकमेकांच्या आणि गाडीच्या हिशोबाने कुठल्या कोनात उभी आहेत ते तपासून जागेवर आणणं. ते बिघडलं तर सहसा थरथर होत नाही, गाडी खेचते, स्टेअरिंग वाकडं राहतं नाहीतर टायर एका बाजूने जातो. थरथरतेय म्हणून अलाइनमेंट करून येणारे आणि खेचतेय म्हणून बॅलन्सिंग करून येणारे, दोन्ही भेटतात, आणि दोघांचीही तक्रार एकच, "करून आलो पण काही फरक नाही".

२. टो, कॅम्बर, कॅस्टर म्हणजे काय ते एकदा सोप्या भाषेत सांगा ना.

टो कळायला गाडीकडे वरून बघायचं. दोन्ही चाकांची पुढची बाजू एकमेकांकडे वळलेली असेल तर टो-इन, बाहेर फाकलेली असेल तर टो-आउट.

कॅम्बर कळायला गाडीसमोर उभं राहायचं. चाकाचा वरचा भाग गाडीकडे झुकलाय तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलाय तर पॉझिटिव्ह.

कॅस्टर बाजूने बघायचा, पण तो डोळ्यांना दिसत नाही. पुढचं चाक ज्या तिरप्या रेषेभोवती वळतं त्या रेषेचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, तो झुकाव म्हणजे पॉझिटिव्ह कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरपा असतो म्हणून पेठेतली पोरं हात सोडून सायकल चालवू शकतात, गाडीत वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं तेही त्याच कारणाने.

तिन्ही कोन अंशात आणि मिनिटात मोजतात, १ अंश म्हणजे ६० मिनिटं. टो काही ठिकाणी मिलिमीटरमध्येही सांगतात.

३. या तिघांपैकी टायर कोण खातं?

टो. बाकी दोघांची चर्चा जास्त होते पण टायरचे पैसे टोमध्ये जातात.

हिशोबच करून बघा. समजा दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून टो ३ मिमीने बिघडलाय, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दीड मिमी. हॅचबॅकच्या टायरचा व्यास साधारण ६०० मिमी धरला तर चाक दर ४०० मिमीला १ मिमी तिरकं जायला बघतंय, पण गाडी सरळ चाललीये म्हणून ते आडवं ओढलं जातंय. एका किलोमीटरला अडीच मीटर. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किमी, म्हणजे कोल्हापूरला पोचेपर्यंत तो टायर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आडवा ओढला गेला. रबर थोडं वाकून त्यातलं काही सहन करतं हे खरं, पण उरलेलं घासण्यातच जातं. आणि हा दीड मिमी अलाइनमेंट मशीनच्या प्रिंटवर फक्त ९ मिनिटं असा दिसतो, जे बघून कोणीही म्हणेल की एवढ्याशाने काय होतंय.

कॅम्बरचं तसं नाही. चाक झुकलेलं असलं तरी ते सरळच फिरत असतं, फक्त वजन एका कडेवर जास्त येतं, त्यामुळे ती कड हळूहळू जाते. अर्धा-एक अंश निगेटिव्ह कॅम्बर बऱ्याच गाड्यांना कंपनीच देते आणि टो बरोबर असेल तर त्याने टायरला फार काही होत नाही. पण जास्त कॅम्बर आणि त्यात टो-आउट अशी जोडी जमली की आतली कड बघता बघता संपते. कॅस्टरने टायर घासत नाही असंच धरून चाला, त्याचा परिणाम स्टेअरिंगवर होतो.

४. आणि चालवताना हातात काय फरक कळतो?

पुढे थोडा टो-इन असला की गाडी हायवेला सरळ रेषेत शांत चालते, पण वळणात शिरायला किंचित आळशी होते. टो-आउट असला की वळणात पटकन शिरते, रेसवाले म्हणूनच मुद्दाम ठेवतात, पण एक्सप्रेस वेवर १०० ला तीच गाडी सारखी इकडेतिकडे करते आणि सतत छोटं छोटं स्टेअरिंग करून हात दुखतात. मागच्या चाकांना टो-आउट आला तर जास्त धोक्याचं, कारण वळणात मागचा भाग बाहेर सुटायला बघतो आणि ओल्या रस्त्यावर ते अचानक होतं.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते तेव्हा बाहेरचं चाकही कलतं आणि टायरची बाहेरची कडच रस्त्यावर टेकून राहते. थोडा निगेटिव्ह कॅम्बर आधीच दिलेला असेल तर त्या क्षणी टायर सपाट बसतो आणि पकड मिळते. ताम्हिणीत किंवा वरंध्यात गाडी रेषेवर राहते त्यात कॅम्बरचा वाटा आहे. मात्र कॅम्बर अति केला तर सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायर पूर्ण टेकलेला नसतो आणि गाडी थांबायला वेळ लागतो.

कॅस्टर कमी झाला की स्टेअरिंग हलकं आणि हरवल्यासारखं लागतं, वळून झाल्यावर परत येत नाही. जास्त असला की जड लागतं पण हायवेला एकदम भरोसा वाटतो. मोठ्या जर्मन गाड्यांना जास्त कॅस्टर परवडतो कारण जडपणा पॉवर स्टेअरिंग खाऊन टाकतं.

५. टायर बघून घरच्या घरी ओळखता येईल का काय बिघडलंय?

बऱ्यापैकी येतं. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेलीये. मधला गेला आणि कडा शाबूत तर हवा जास्त. या दोन्हींचा अलाइनमेंटशी संबंध नाही. फक्त आतली कड गेली तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त किंवा टो-आउट, फक्त बाहेरची गेली तर टो-इन किंवा पॉझिटिव्ह कॅम्बर, किंवा प्रश्न १५ बघा. गोलाईत मधेच खळगे पडलेत असं लागलं तर शॉकअब (शॉक ॲब्झॉर्बर) संपलेत किंवा बॅलन्सिंग नाही.

टो ओळखायची खात्रीची पद्धत तळहाताची आहे. गाडी बंद करून, टायर गार झाल्यावर, तळहात टायरवर आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलाय. आतून बाहेर येताना टोचलं तर टो-इन जास्त, बाहेरून आत जाताना टोचलं तर टो-आउट. आधी एकदा डोळ्यांनी बघून मगच हात घाला, कारण आतल्या कडेला तारा बाहेर आलेल्या असतील तर हात कापतो.

आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही हीच खरी अडचण आहे. बाहेरून टायर नवा दिसतो, मालक खूश, आणि आतून गोटा झालेला असतो. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि वाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, एक्सप्रेस वेला जाण्याआधी तर कराच. टायरच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिमीचे असतात, नक्षी कुठेही त्या पातळीला आली की टायर संपला, मग बाकीचा टायर कितीही चांगला दिसू दे.

६. माझी गाडी डावीकडे खेचते. अलाइनमेंट गेली का?

असेलच असं नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, डांबरी रस्त्याला साधारण दोन-अडीच टक्के. आपण डावीकडून चालवतो म्हणजे आपली गाडी बहुतेक वेळ डाव्या उतारावरच असते, त्यामुळे हात हलका ठेवला की ती हळूहळू डावीकडे जाणारच. स्टेअरिंगला सतत जोर लावून धरावं लागत असेल किंवा दोन-तीन सेकंदात लेन सुटत असेल तर मात्र तक्रार खरी.

आधी हवा तपासा, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर जेवढे पीएसआय लिहिलेत तेवढी. पंपावर "किती भरू?" विचारलं की आपण सवयीने जो आकडा सांगतो तो नाही. एका बाजूला तीन-चार पीएसआय कमी असले तरी गाडी तिकडे ओढते, आणि मशीनला पैसे देऊन झाल्यावर हे कळतं.

हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. खेचण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे, नव्या टायरमध्येही हे होतं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं नुसतं अदलाबदल चालत नाही, तेवढं बघा. आणि थोडं चालवून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागत असेल तर ब्रेक धरून राहतोय. हे सगळं ठीक निघालं तरच मशीनकडे जा.

७. कोणत्या कोनाने गाडी कुठे खेचते?

कॅम्बरमध्ये, ज्या बाजूचा जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला. कॅस्टरमध्ये उलटं, ज्या बाजूचा कमी पॉझिटिव्ह त्या बाजूला. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला की हाताला जाणवायला लागतं. पुढच्या टोने गाडी सहसा खेचत नाही कारण चालताना दोन्ही चाकं तो आपसात वाटून घेतात, स्टेअरिंग तेवढं वाकडं होतं. म्हणूनच टो लबाड आहे, काही जाणवू न देता टायर खात राहतो.

८. पुण्यात किती किलोमीटरला करावी? कोणी ५,००० म्हणतं, कोणी १०,०००.

माझं मत: १०,००० किमी किंवा वर्षातून एकदा तपासणी, शिवाय जोरात आदळली की लगेच. अलाइनमेंट ही ऑइलसारखी आपोआप जुनी होत नाही, ती आदळल्याने किंवा सांधे ढिले झाल्याने बिघडते. हिंजवडीला बायपासने सरळ जाणाऱ्याची वर्षभर जशीच्या तशी राहील आणि आठवड्यातून तीनदा नव्या सिमेंट रस्त्यावरच्या वर आलेल्या चेंबरच्या झाकणांवर आपटणाऱ्याची दोन महिन्यांत जाईल. एकदा फूटपाथच्या कडेला चाक जोरात घासलं तरी टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) वाकू शकतो. ५,००० सांगणाऱ्यांचं चूक नाही, त्याच भेटीत टायर रोटेशनही होतं, पण प्रत्येक वेळी "ॲडजस्टमेंट" निघालीच पाहिजे असं काही नाही. प्रिंटवरचे बिफोरचे (कामाआधीचे) आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, असतील तर हात न लावता गाडी परत घ्या.

९. मशीनवाला म्हणाला "साहेब, फक्त टो होतो, कॅम्बर-कॅस्टर होत नाही." फसवतोय का?

नाही, बहुतेक खरं सांगतोय. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी अशा गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो. पुढे टाय रॉडवर आटे आहेत म्हणून टो कमी-जास्त करता येतो, बाकी कोन कंपनीत पार्ट बसवतानाच ठरलेले असतात. ते चुकलेले दिसले तर त्याचा अर्थ काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो पार्ट बदलणं हाच उपाय. स्ट्रट आणि नकल (ज्यावर चाकाचा हब बसतो तो भाग) जोडणारे दोन बोल्ट ढिले करून चाक आत-बाहेर ओढलं तर भोकातल्या मोकळीकीएवढा थोडा कॅम्बर मिळतो, आणि त्यापेक्षा जास्त हवा असेल तर एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट मिळतात.

इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांना पुढे डबल विशबोन (वर आणि खाली असे दोन आर्म) आहे, त्यांच्यात कॅम्बर आणि कॅस्टर करता येतो, पण मागे सरळ ॲक्सल असल्याने मागे काही नाही. मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे दांडे) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ एक्सयूव्ही ७००, मागचा टोही बघायचा असतो, आणि असल्या गाडीला नुसतं पुढचं करून पाठवणाऱ्याला सोडू नका.

१०. एका दुकानात हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवून कॅम्बर सरळ करून देतात. करून घेऊ का?

मी नाही करून घेणार. आपल्याकडे हे सर्रास चालतं, त्याला छान "कॅम्बर करेक्शन" म्हणतात आणि प्रिंटवर आकडा हिरवाही येतो. पण खड्ड्यात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आर्म) वाकलेला असताना चांगला स्ट्रट उलट्या दिशेने वाकवून हिशोब जुळवला तर आता दोन वाकडे पार्ट झाले. स्ट्रटच्या आत शॉकअबचा दांडा वर-खाली होतो, नळी तिरकी झाली की तो एका बाजूने घासतो, सील जातं, तेल गळतं. मूळ काय वाकलंय ते न शोधता कोणी जॅक काढला तर गाडी खाली घ्यायला सांगा.

११. प्रिंट देतात तो कसा वाचायचा?

पहिली गोष्ट, प्रिंट मागा. बरेच लोक मागतच नाहीत, स्क्रीनवर लांबून हिरवं बघून बाहेर पडतात. "दादा, बिफोर-आफ्टर दोन्हीचा द्या" असं स्पष्ट म्हणा, आणि वर गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय का तेही बघा, दुसऱ्याच मॉडेलच्या हिशोबाने हिरवा झालेला आकडा तुमच्या गाडीला काही कामाचा नाही.

बिफोरचा रकाना नीट वाचा, गाडीला काय झालं होतं ते तिथे असतं. समजा डाव्या पुढच्या चाकाचा टो वजा ०°१२′ आणि उजव्याचा अधिक ०°०४′ आहे, वजा म्हणजे टो-आउट. मग डाव्या बाजूला मार बसलाय किंवा डावा टाय रॉड एंड ढिला आहे हा पहिला संशय. दोन्ही बाजूंना सारखाच बिघाड असेल तर शक्यता वेगळी, बुश (सांध्यातले रबर) एकसारखे झिजलेत किंवा आधी कोणीतरी चुकीचं सेट करून दिलंय. आफ्टरमध्ये टो दोन्हीकडे जवळपास सारखा आणि मर्यादेच्या मधोमध हवा, कसाबसा काठावर हिरवा झालेला नको. कॅम्बर आणि कॅस्टर मर्यादेत असूनही डाव्या-उजव्यात मोठा फरक असू शकतो, तो स्वतः वजाबाकी करून बघा, प्रश्न ७ मधला अर्धा अंश लक्षात ठेवून. आणि कॅस्टरच्या जागा रिकाम्या असतील तर तो मोजलाच नाहीये, कारण त्यासाठी चाकं दोन्हीकडे ठराविक अंशात वळवून रीडिंग घ्यावं लागतं आणि घाईत ते गाळतात.

१२. चांगलं काम चाललंय की नाही हे बघणाऱ्याला कसं कळणार?

चांगला मेकॅनिक आधी हवा सारखी करतो, गाडी उचलून चाक हातांनी हलवून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश बघतो, मग टार्गेट (मशीनने वाचायच्या, चाकांवरच्या पाट्या) लावून गाडी थोडी पुढे-मागे ढकलतो, कारण रिम किंचित वाकडी असली तरी त्याने रीडिंगमध्ये चूक येत नाही. पुढची चाकं फिरत्या प्लेटवर असतात. ॲडजस्ट करताना स्टेअरिंग सरळ लॉक केलेलं असतं. क्रम मागून पुढे, आणि पुढे कॅस्टर, कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. शेवटी लॉकनट घट्ट करून पुन्हा रीडिंग बघतो, घट्ट करतानाही आकडा सरकतो.

ढिल्या सांध्यावर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे गटारात. चाक हलवल्यावर खटखट येत असेल तर आधी पार्ट बदला. डिकीत सिमेंटच्या गोण्या असतील तर त्याही काढून जा, गाडी जितकी खाली बसेल तितके कोन बदलतात.

१३. करून आणली आणि आता स्टेअरिंग वाकडं झालंय, आधी सरळ होतं.

टो सेट करताना स्टेअरिंग सरळ लॉक केलं नसावं, परत जा आणि दोन्ही टाय रॉड उलट-सुलट सारखे फिरवून सरळ करून मागा. एकच रॉड फिरवून देत असतील किंवा स्टेअरिंगच काढून एक दाता पुढे बसवून देतो म्हणाले तर नको म्हणा. त्याने चाक एका बाजूला जास्त वळतं आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि एअरबॅगवाल्या गाडीत स्टेअरिंगच्या मागे गुंडाळलेली वायरिंगची पट्टी असते ती वेगळीच भानगड.

पुढचं सगळं बरोबर असून स्टेअरिंग वाकडं राहत असेल तर मागची चाकं तपासा. मागचा एक्सल किंचित तिरका बसला की मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतात आणि ते सांभाळायला आपण पुढे कायम थोडं वळवून धरतो. प्रिंटवर याला थ्रस्ट अँगल म्हणतात. ओल्या रस्त्यावर मागून बघणाऱ्याला अशी गाडी खेकड्यासारखी जाताना दिसते. टॉर्शन बीमवाल्या गाडीत इथे ॲडजस्टमेंट नाही, बीम किंवा त्याचे बुश बघावे लागतात, काही गाड्यांत हबमागे शिम लावून थोडं जमतं.

१४. अलाइनमेंट झाली पण टायरचा घूं घूं आवाज तसाच आहे, बेअरिंग गेलं का?

आधी टायरवर हात फिरवा, प्रश्न ५ मध्ये सांगितलंय तसं. टोने करवत पडलेला टायर अलाइनमेंटनंतर लगेच गुळगुळीत होत नाही, काही हजार किमी लागतात आणि कधीकधी होतच नाही. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला तर टायरच. आवाज जागेवरच राहिला आणि वळणात कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग.

१५. दोन्ही पुढचे टायर बाहेरून जातायत, प्रिंट एकदम हिरवा. हे कसं?

घाट कसा चालवता? वळणात जोरात घेतली की बाहेरच्या टायरची बाहेरची कडच सगळं सोसते, आणि दर शनिवार-रविवार महाबळेश्वर-ताम्हिणी करणाऱ्याच्या टायरवर ते दिसतं. त्यात हवा थोडी कमी असेल तर दुप्पट वेगाने. गाडी बरोबर आहे, हवा बघा आणि वळणाआधी ब्रेक मारा.

१६. बेसमेंट पार्किंगमध्ये वळवताना टायर चीं करून ओरडतात.

चालेल. वळताना आतल्या चाकाला छोटं वर्तुळ आणि बाहेरच्याला मोठं कापायचं असतं, म्हणून आतलं चाक जास्त वळतं, पण पूर्ण वळणाला हे गणित शंभर टक्के जुळत नाही आणि एक चाक थोडं घसरतं. गुळगुळीत फरशीवर ते ऐकू येतं इतकंच. रस्त्यावर साध्या वळणातही ओरडत असतील तर हवा आणि टो बघा.

१७. कुठल्या कामानंतर अलाइनमेंट करावीच लागते?

टाय रॉड, टाय रॉड एंड, लोअर आर्म, स्ट्रट, स्टेअरिंग रॅक, आणि ज्या कामासाठी सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती खालची चौकट) खाली उतरवलाय ते काम, काही गाड्यांत क्लचचं कामही यात येतं. ब्रेक पॅड, स्टॅबिलायझरची लिंक रॉड यांना लागत नाही. नवे टायर घातल्याने कोन बदलत नाहीत, पण चार नव्या टायरचे पैसे घातल्यावर तपासणी वाचवण्यात काही शहाणपणा नाही, आणि चुकीच्या अलाइनमेंटने घासलेला टायर वॉरंटीत घेत नाहीत.

१८. सीएनजी बसवल्यापासून मागे गाडी बसलीये. कोन बिघडले असतील?

सिलिंडरने मागचा भाग समजा २ सेंमी खाली आला, आणि व्हीलबेस २,४५० मिमी असेल, तर अख्खी गाडी जवळपास अर्धा अंश मागे झुकली, म्हणजे पुढचा कॅस्टर तेवढा वाढला. दोन्हीकडे सारखाच वाढल्यामुळे खेचणार नाही, टायरही घासणार नाही. हेडलाइट मात्र वर मारायला लागतात, ते खाली करून घ्या, समोरून येणारे शिव्या देतात. कोनांपेक्षा मागच्या टायरची हवा जास्त महत्त्वाची, स्टिकरवरचा पूर्ण लोडचा आकडा भरा.

१९. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) किंवा एडास (कॅमेरा-सेन्सरने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत वेगळं काही?

हो. ईएसपीला स्टेअरिंगचा सरळ बिंदू कुठे आहे ते माहीत असावं लागतं, टो बदलल्यावर तो बदलू शकतो आणि मग डॅशबोर्डवर लाइट लागते किंवा सरळ रस्त्यावर गाडी उगाच ब्रेक लावायला बघते. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लावून अँगल सेन्सर रीसेट करावा लागतो. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्यांत काही कंपन्या अलाइनमेंटनंतर कॅमेराही कॅलिब्रेट करायला सांगतात, मॅन्युअल बघा. गाडी नेण्याआधी फोन करून "रीसेट करता का" एवढं विचारा, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

२०. खड्ड्यात आदळली, एका बाजूचा कॅम्बर गेलाय. गॅरेजवाला म्हणतो स्ट्रट बदला, मशीनवाला म्हणतो सबफ्रेम सरकलाय. कोणाचं ऐकू?

मशीनवर एसएआय नावाचा आकडा असतो, तो काढायला सांगा. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष समोरून बघितल्यावर किती आत झुकलीये तो हा कोन, आणि त्यात कॅम्बर मिळवला की जी बेरीज येते ती दोन्ही बाजूंना जवळपास सारखी असायला हवी.

एसएआय बरोबर आहे पण कॅम्बर चुकलाय, म्हणजे बेरीज चुकली, तर स्ट्रट किंवा नकल वाकलंय, गॅरेजवाला जिंकला. बेरीज बरोबर आहे पण एसएआय आणि कॅम्बर दोन्ही उलट दिशेने हललेत, तर चाकाची जोडणी शाबूत आहे आणि ती ज्यावर बसलीये ते हललंय. एका बाजूला कॅम्बर वाढला आणि दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढाच घटला तर सबफ्रेम आडवा सरकलाय, मशीनवाला बरोबर, आणि मग नवा स्ट्रट घालून काही होणार नाही. सबफ्रेमचे बोल्ट ढिले करून, जागेवर आणून घट्ट करणं हे नव्या स्ट्रटपेक्षा बहुधा स्वस्तच पडतं. हललेलं फक्त एकाच बाजूला असेल तर लोअर आर्म किंवा वरचा स्ट्रट टॉवर.

मशीनकडे जाण्याआधी एक फुकटची तपासणी करता येते. गाडी सपाट जागी, स्टेअरिंग सरळ ठेवून उभी करा आणि पुढच्या दोन्ही चाकांमागे, चाक आणि मडगार्डच्या मधे, किती बोटं मावतात ते बघा. आदळलेल्या बाजूला एखादं बोट कमी मावत असेल तर लोअर आर्म मागे गेलाय, त्या बाजूचा कॅस्टर कमी झालाय आणि गाडी तिकडेच खेचत असणार. तेव्हा दोघांचंही न ऐकता आधी लोअर आर्म आणि त्याचा मागचा बुश बघायला सांगा.